सातव्या खाटेवरची नोंद

मंजिरी देशकर सरकारी पगारावर झोपत असे आणि कुणी विचारलं तर ते बिनदिक्कत सांगतही असे. नागपुरात लहरी प्राधिकरणाच्या तिसऱ्या मजल्यावर सात खाटांचं एक दालन होतं. खिडक्यांना वाळ्याचे पडदे, कोपऱ्यात मंद घरघरणारा कूलर आणि भिंतीवर पाटी: ‘शांतता राखा, काम चालू आहे.’ दुपारी दीडला मंजिरी सातव्या खाटेवर आडवी व्हायची, अडीचला उठायची, कुणाशी अवाक्षर न बोलता नोंद लिहायची आणि सही करून मगच चहा मागायची. वर्ध्याला वडिलांकडे गेली की तिची भावजय म्हणे, “आमच्या ताईंचं नशीबच वेगळं. लोकांनी कचेरीत झोप काढली तर मेमो मिळतो, यांना बढती मिळते.” बारा वर्षं ऐकलेला विनोद होता तो, तरी मंजिरी दर वेळी हसायची.

आता सरकारी खातं लोकांना झोपायला का लावतं, ते सांगायला हवं. रेडिओ, टीव्ही, मोबाइल यांच्या लहरी सांभाळणाऱ्या या खात्याच्या गळ्यात स्वप्नं पडली ती पाकळीमुळे. पाकळी म्हणजे कानामागच्या हाडावर चिकटवायची नखाएवढी चकती. शरीराचा तोल सांभाळणारी नस तिथून जवळच जाते. डोळा लागता लागता, झोप अजून पातळ असताना, त्या नसेला हलके ठोके मिळाले तर आपण झुलतोय, उतरतोय, तरंगतोय असं झोपलेल्याला वाटतं, आणि मेंदू त्या वाटण्याभोवती भराभर स्वप्न रचतो. हे ठोके दुरून लहरींवरून पाठवता येतात असं कळल्यावर काय विचारता, घरोघरी पाकळ्या आल्या. लहरीतून चित्र जात नाही, आवाज जात नाही. जाते फक्त लय, थोडी ऊब, थोडा उतार. वरण सगळ्यांना एकच वाढायचं आणि फोडणी ज्याची त्याने घालायची, असा तो प्रकार. पायऱ्या उतरण्याची लहर लागली की कुणी आपल्या शाळेच्या पायऱ्या उतरे, कुणी रामटेकच्या गडाच्या.

कायद्याने रात्रीची झोप माणसाची स्वतःची ठेवली होती, तिथे कुणी लुडबुड करायची नाही. प्रसारणाला परवानगी फक्त दुपारी एक ते चार. दुसरा नियम त्याहून कडक होता. उद्या कुणी पैसे घेऊन आपला साबण किंवा आपला पुढारी लोकांच्या झोपेत घुसवला तर? म्हणून स्वप्नात दिसलेली प्रत्येक गोष्ट झोपणाऱ्याच्या आयुष्यातली असली पाहिजे. हे कुठल्याही यंत्राला ओळखता येत नाही, त्याला माणूसच झोपवावा लागतो. सात परीक्षक तीन दुपारी ती लहर लावून झोपत आणि उठल्यावर दिसलेल्या गोष्टींपुढे दोनांपैकी एक शब्द लिहीत: ‘माझं’ किंवा ‘परकं’. मुख्य गोष्टीपुढे चौघांनी ‘परकं’ लिहिलं की लहर लादलेली ठरे आणि परवाना जाई. शिवाय, ज्या केंद्राचा निवाडा केला त्याची पाकळी परीक्षकाने पुढे जन्मात लावायची नाही, अशीही अट होती. परीक्षकाने कुणाच्या ओंजळीने पाणी पिऊ नये, हा हेतू.

या कामात मंजिरीचं नाव होतं, कारण ती जे दिसलं ते लिहायची. एकदा तिच्या स्वप्नात कचेरीचे काळमेघ साहेब नऊवारी नेसून फुगडी घालताना आले, तर तिने तेही लिहिलं, पुढे ‘माझं’ असं नोंदवलं आणि कागद सहीसाठी साहेबांकडेच पाठवला. साहेबांनी सही केली. महिनाभर ते तिच्याशी कामापुरतंच बोलले, पण कागदात खोट काढता आली नाही.

चिचघाटचं प्रकरण मे महिन्यात आलं. वर्धा नदीकाठच्या अकरा गावांपुरतं ते एवढंसं केंद्र. निवृत्त नर्स बेबीताई भोयर ते आपल्या घराच्या माडीवरून चालवत. दुपारी एक तास एकच लहर, वर्षभर तीच. संत्र्याच्या बागांतून आणि वीटभट्ट्यांवरून घामाघूम होऊन परतलेली माणसं ती लावून निजत आणि उठल्यावर दिवस पुन्हा सकाळसारखा वाटतो म्हणत. त्या अकरा गावांत ‘सुखनिद्रा’ या बड्या कंपनीच्या पाकळ्या कुणी फुकटसुद्धा लावेना. तेव्हा कंपनीने तक्रार केली: चिचघाटच्या लहरीत जो तो एक बाई पाहतो, म्हणजे केंद्राने कुणाचा तरी चेहरा लोकांच्या झोपेत घुसवला आहे.

सुनावणीला बेबीताई फुलाफुलांचं लुगडं नेसून, पिशवीत पाण्याची बाटली घेऊन आल्या.

“साहेब, मी कोन्या बाईले त्यात घातलं नाही,” त्या म्हणाल्या. “तीस वर्सं दवाखान्यात लोकाईची लेकरं निजवली. हाताले मापाचं यंत्र बांधलं आन् नातीले थोपटलं. त्या थोपटन्याची लय हाय थे. बस.”

“मग सगळ्यांना बाईच कशी दिसते?” काळमेघ साहेबांनी विचारलं.

“आता थोपटते कोन, साहेब? तुमाले काय तहसीलदारानं थोपटलं होतं?”

दालनात हशा पिकला. कंपनीचे वकील तेवढे हसले नाहीत.

त्याच दुपारी परीक्षकांनी पाकळ्या लावल्या. मंजिरी सातव्या खाटेवर डोळे मिटून पडली. कूलरची घरघर हळूहळू लांब गेली, वाळ्याचा वास जवळ आला आणि मग कानामागे ते ठोके सुरू झाले. एक, दोन, मध्येच जरासा विसावा, पुन्हा एक. खाट गेली. अंगाखाली दोन पाय आले, लांब पसरलेले, एकमेकांना जोडून घेतलेले, आणि त्या पायांच्या खोबणीत ती उताणी पडलेली होती. पाय डावीउजवीकडे डुलत होते. वर उन्हाचा एक कवडसा होता आणि कवडशात धूळ अगदी सावकाश वर चढत होती, जणू तिलाही कुणी निजवत होतं. धुळीपलीकडे एक चेहरा होता. खालून दिसणारा, म्हणून नाक मोठं, हनुवटी मोठी. सावळा रंग. हनुवटीवर गोंदणाचे तीन हिरवे ठिपके. दातांत फट. कुठल्याच गाण्याची नसलेली एक गुणगुण त्या फटीतून झिरपत होती, आणि अधूनमधून एक शब्द येत होता, ‘ढबू’. मंजिरीला कशाचीच घाई नव्हती. जगात करायचं असं काही उरलंच नव्हतं.

अडीचला ती उठली तेव्हा उशी भिजलेली होती. तिने लेखणी उचलली आणि सगळं लिहून काढलं: पाय, कवडसा, गोंदण, दातांतली फट. मग ‘माझं की परकं’ या रकान्याशी येऊन लेखणी थांबली. बारा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

तिच्या मनात पहिला शब्द आला होता तो ‘आई’. पण तिची आई ती दीड वर्षाची असताना वारली होती, आणि आईचा फोटो वर्ध्याच्या घरी भिंतीवर होता. गोरी, चष्मा लावणारी, नीटस दातांची बाई. तिच्या हनुवटीवर काही नव्हतं. नंतर आलेली सावत्र आई प्रेमळ होती, पण तीही उजळ, ठेंगणी, आणि पायांवर घेऊन निजवण्याइतकी मंजिरी तेव्हा लहानही नव्हती. ही बाई मंजिरीने आयुष्यात पाहिलेली नव्हती. म्हणजे परकी. म्हणजे लादलेली.

दुसऱ्या दुपारी ती बाई पुन्हा आली. तिसऱ्या दुपारी तर मंजिरी दीड वाजायच्या आधीच पाकळी लावून खाटेवर पडली होती. तिला त्या बाईकडे जायचं होतं, बस. खरंखोटं, कायदा, परवाना सगळं मागाहून. झोपेतून बाहेर येताना तिने ते पसरलेले पाय धरून ठेवायचा प्रयत्न केला, आणि जागी झाली तेव्हा तिच्या मुठीत चादर होती.

संध्याकाळी काळमेघ साहेबांनी सहा कागद टेबलावर मांडले. तिघांनी त्या बाईपुढे ‘माझं’ लिहिलं होतं. एकाची आजी, एकाची आई, एकाची थोरली बहीण. उरलेल्या तिघांनी ‘परकं’. त्या तिघांना दिसलेल्या बायका एकमेकींसारख्या नव्हत्या, पण कायद्याला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. परकं ते परकं.

“तुमच्यावर अडलंय, देशकरबाई,” साहेब म्हणाले. “तुमचं काय?”

“मला पाच दिवस द्या. घरी विचारून येते.”

नियमात तशी सोय होती. जुनी गोष्ट ओळखीची आहे का, हे परीक्षकाला घरच्यांकडून पडताळून घेता येई. मंजिरीने ती सोय कधी वापरली नव्हती. साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

तिचे वडील ऐंशीला टेकलेले. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी पाकळी कधी घरात येऊ दिली नव्हती. “जन्मभर लोकांच्या घरात तारा ओढल्या, आता माझ्या डोक्यात नको,” असं म्हणायचे. मंजिरी पोचली तेव्हा ते ओसरीत बसून पन्ह्यासाठी उकडलेल्या कैऱ्यांचा गर काढत होते.

“बाबा, आपल्याकडे हनुवटीवर गोंदण असलेली बाई कोण होती?”

“कोणी नाही.” त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

“दातांत फट होती. मला ढबू म्हणायची.”

वडिलांचा हात कैरीवरच राहिला. मग त्यांनी पंच्याला हात पुसले, पुन्हा पुसले.

“तुला कसं आठवेल ते? तू एवढीशी होतीस.”

“आठवत नाही. दिसलं.”

“कौतिका,” ते म्हणाले. हे नाव त्या घरात मंजिरीने पहिल्यांदाच ऐकलं. “तुझ्या जन्मानंतर तुझ्या आईने खाट धरली ती धरलीच. तुला उचलायचीसुद्धा ताकद नव्हती तिच्यात. कौतिका भांड्याला यायची. तिचं स्वतःचं बाळ त्याच महिन्यात गेलं होतं. तुला दूध तिने पाजलं. न्हाऊमाखू तिने घातलं. तुझी आई गेली तेव्हा तू रडलीसुद्धा नाहीस, कारण तू आई म्हणायचीस ती कौतिकाला.”

“मग?”

“मग मी दुसरं लग्न केलं. तू नव्या आईकडे जायचीच नाहीस. रडून रडून निळी पडायचीस. सगळे म्हणायला लागले, ती बाई उंबऱ्यात येते तोवर पोरगी रुळायची नाही न. मी तिला सांगितलं, उद्यापासून येऊ नको.”

“एवढंच?”

“आली होती दुसऱ्या दिवशी. फाटकाशी उभी राहिली. तू आतून आई, आई करत होतीस. मी उठलो आणि दार लावून घेतलं.” त्यांनी कैरी पुन्हा हातात घेतली. “तासभर उभी होती. जिल्हाभरच्या तारा जोडल्या मी, मंजू, अन् घरातली ही एक तोडली.”

मंजिरीला वडिलांचा राग आला. इतका आला की तिला ओसरीत बसवेना. ती अंगणात जाऊन भर उन्हात उभी राहिली. ज्या माणसाने तिच्या वेण्या घातल्या, सायकल शिकवली, परीक्षेच्या दिवशी दही हातावर ठेवलं, त्यानेच तिच्या आईला दाराबाहेर ठेवलं होतं, आणि चव्वेचाळीस वर्षं त्याबद्दल ब्र काढला नव्हता. ती आत आली तेव्हा वडील तसेच बसलेले होते, आणि कैरीचा गर त्यांच्या मनगटावरून ओघळत होता. तिला त्यांची कीवही आली, आणि राग गेला नाही. दोन्ही घेऊन ती नागपूरला परतली.

तिने ‘माझं’ लिहिलं. काळमेघ साहेब अडले.

“वर्ष-दीड वर्षाच्या मुलाला चेहरा आठवत नाही. पुस्तकात स्वच्छ लिहिलंय.”

“पुस्तकात आठवण म्हणजे जी सांगता येते ती, साहेब. शब्द शिकण्याआधी जे पाहिलं त्याला नाव नसतं, म्हणून ते शोधून सापडत नाही. पण ते गेलेलं नसतं. ज्या लयीत ते आत शिरलं, ती लय मिळाली की बाहेर येतं. बेबीताईंची लहर तेवढंच करते.”

“हे सिद्ध कोण करणार?”

ते पुढच्याच सुनावणीत झालं, आणि मंजिरीने न सांगता झालं. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात डोक्याला दुपट्टा गुंडाळून तिचे वडील वर्ध्याहून एसटीने आले. कंपनीचे वकील, बेबीताई, साहेब आणि सातही परीक्षक यांच्यासमोर त्यांनी कौतिकाची हकिगत सांगितली. फाटकाचंही सांगितलं. काही गाळलं नाही. सांगताना त्यांनी मंजिरीकडे एकदाही पाहिलं नाही, पण सही करायला कागद पुढे आला तेव्हा त्यांनी तिच्याचकडे लेखणी मागितली, आणि तिने ती दिली.

मग ‘परकं’ लिहिणाऱ्या तिघांनाही घरी विचारायला सांगितलं गेलं. एकाला शेजारच्या काकू सापडल्या. एकीला बाळंतपणात गेलेली मावशी. तिसरा अनाथाश्रमात वाढलेला होता, त्याला विचारायला कुणीच नव्हतं. त्याने आपलं ‘परकं’ तसंच ठेवलं, आणि त्या दिवशी सगळे त्याच्याशी जरा जास्तच मऊ बोलले. सहा विरुद्ध एक. चिचघाटचा परवाना राहिला.

जिन्याशी बेबीताईंनी मंजिरीला गाठलं. पिशवीतून कागदाची पुडी काढून तिच्या हातात कोंबली. आत पाकळी होती.

“मला चालत नाही, ताई. नियम आहे.”

“कोन पाहते वं? ठेव न पर्समधी. तुह्यी माय हाय त्यात.”

मंजिरीने पुडी हातात धरून ठेवली, किती वेळ ते तिलाच कळलं नाही. ती लावली तर चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचा कवडसा रोज दुपारी तिचा होता. आणि कधीतरी हे बाहेर फुटलं असतं, तर तिची नोंद रद्द होऊन अकरा गावांची दुपार गेली असती. तिने पुडी परत केली. मग ती तिसऱ्या मजल्यावर गेली, रिकाम्या दालनात आपल्या खाटेवर बसली आणि मोकळेपणी रडली. ती बाई तिला आता पुन्हा दिसणार नव्हती, निदान मिटलेल्या डोळ्यांनी.

कौतिकाचं माहेर आर्वीकडचं, एवढंच वडिलांना माहीत होतं. दोन रविवार मंजिरी गावोगाव विचारत फिरली. कौतिका नावाची एक होती, ती वीस वर्षांपूर्वी वारलेली. दुसरी होती, ती तिशीची. तिसऱ्या रविवारी वर्ध्याला भावजयीने पाटवडीचा रस्सा आग्रह करकरून वाढला, “उन्हात जायचं तर पोटाला आधार हवा,” म्हणत चौथी पोळी ताटात टाकली, आणि जडावलेल्या मंजिरीने दोनची बस धरली. या वेळी हनुवटीवर गोंदण असलेल्या एका कौतिकाचा पत्ता मिळाला होता. वाटभर ती मनातल्या मनात बोलत होती. काय म्हणायचं, आधी पाया पडायचं की आधी नाव सांगायचं, बाबांच्या वतीने माफी कशी मागायची. इतकी तयारी तिने नोकरीच्या मुलाखतीलाही केली नव्हती.

गावाच्या टोकाला, एका पत्र्याच्या घराच्या पडवीत, एक म्हातारी पाय लांब पसरून चिंचा फोडत बसली होती. हनुवटीवरचे ठिपके आता सुरकुत्यांत बुडाले होते. पण तीन होते.

“कोन हाय?” म्हातारीने डोळ्यांवर हात धरत विचारलं.

मंजिरी पडवीच्या कडेशी आली. “मी मंजिरी. वर्ध्याच्या टेलिफोन क्वार्टरमधली. देशकरांची. तुम्ही मला लहानपणी सांभाळलं होतं.”

म्हातारीने तिच्याकडे खूप वेळ पाहिलं. आधी चेहरा, मग हात, मग पुन्हा चेहरा. आठवण्याचा अगदी प्रामाणिक प्रयत्न तिच्या कपाळावर दिसत होता.

“देशकर...” ती म्हणाली. “नाई वं बाई. नाई आठवत. लय घरं केली मी वर्ध्यात. चौदा-पंधरा लेकरं वाढवली ह्या पायांवर. सोडली तवा पयल्या-दुसऱ्याच्या वक्ती लय जीव जळे. मंग मीच मनाले सांगतलं, नाव ध्यानात ठेवू नको. तूच असशीन त्यातली.”

मंजिरीने पाठ केलेल्यातलं काहीच आता उपयोगाचं नव्हतं. ज्या चेहऱ्यासाठी तिने एवढं घर ढवळलं, म्हातारा बाप चारचौघांत उभा राहिला, त्या चेहऱ्याला ती माहीतच नव्हती. ते लागलं, सरळ आणि खोल लागलं. कौतिका ‘आई’ होती ती फक्त तिच्या बाजूने. या बाजूला एक दमलेली बाई होती, आणि जगता यावं म्हणून तिने चौदा-पंधरा नावं एकेक करून पुसली होती. यात रागावण्यासारखं काही नाही, असं मंजिरी स्वतःला सांगत राहिली आणि पडवीच्या खांबाला धरून उभी राहिली.

म्हातारीने चिंचांचं सुपडं बाजूला सरकवलं, पदराने जमीन झाडली आणि तिथे हाताने थापटून जागा दाखवली.

“हुभी काहून वं? ऊन कसं रखरखते. बस अठी. जेवली काय?”

वर्ध्याच्या चार पोळ्या अजून मंजिरीच्या गळ्याशी होत्या.

“नाही,” ती खाली बसत म्हणाली. “सकाळपासून काहीच नाही.”